पुस्तकात नसलेलं मापटं

खडकवाडी, तालुका नेवासे
१० जानेवारी १९४४

प्रिय राधाकृष्ण,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझा नमस्कार पोचला असं धरून चालतो, कारण ट्रेनिंग कॉलेज सुटल्याला सात वर्षं झाली आणि तुझी पत्रं आली तीन. त्यातली एक तर छापील लग्नपत्रिका होती. आता तू नगरच्या शिक्षणखात्याच्या कचेरीत टेबलामागे बसतोस म्हणून मला तुझी आठवण झाली, असं तू म्हणशील. खरं आहे. गरज सरो नि वैद्य मरो. माझी गरज सरेपर्यंत तू जगावंस अशी इच्छा आहे.

कामाचं आधी सांगतो. आमची मिशनची शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर सोनईला जावं लागतं, आणि तिथे आमच्या मुलांना कुठे बसवतात ते तुला सांगायला नको, तू त्याच शाळेत शिकलास. मुलीला तर पाच मैल कोणी धाडतच नाही. म्हणून आमची मरिया चौथी पास होऊन आता तिसऱ्यांदा चौथीतच बसते आहे. मरिया म्हणजे बायडाबाईची लेक. बायडाबाई विधवा, लोकांच्या खळ्यावर राबते. पोरीला सातवीची फायनल देऊ दिली तर अठराव्या वर्षी ती मास्तरीण होईल आणि मला खुर्चीवरून उठवेल. त्यासाठी शाळेला सातवीपर्यंतची मंजुरी पाहिजे. तपासणीस साहेब म्हणाले, "भाषेत काही विशेष काम दाखवा, मग बघू."

विशेष काम सोबतच्या वहीत आहे. पोरांना भूगोलात 'प्रवाह' अडतो, विज्ञानात 'उष्णतावाहक' अडतो. दोन विषयांत दोन धोंडे. मी सांगतो, अरे, ही सख्खी भावंडं. मूळ एकच, वह्, म्हणजे वाहणे. पाणी वाहतं, ऊब वाहते, तुझ्या बापाचा बैलही ओझं वाहतो. मग पोरं भिंतीवर गेरूने ते मूळ काढतात आणि त्याला फांद्या फुटत जातात, एक फांदी गणिताची, एक भूगोलाची, एक घरची. दर सोमवारी प्रत्येकाने घरून एक शब्द आणायचा आणि त्याचं मूळ शोधायचं. कुणी खळ्यावरून आणतं, कुणी चुलीपुढून. नाताळाला भिंतींना चुना बसतो आणि सगळं पुसलं जातं, म्हणून वहीत उतरून ठेवलं. चार वर्षांचं आहे.

लढाईने कागद खाल्ला. ही वही जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या पानांची आहे, नक्कल करायला तेवढीही उरली नाहीत. ही एकच आहे. साहेबांच्या नजरेखाली घाल.

तुझा
यशया ओहोळ

*

अहमदनगर
२ फेब्रुवारी १९४४

प्रिय यशयाबुवांस,

साष्टांग नमस्कार. टोमणे मिळाले, वहीही मिळाली. दोन रात्री वाचत होतो. हिने विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हटलं, माझ्या खोलीतला सोबती शहाणा होता हे मला उशिरा कळलं.

कल्पना उत्तम आहे. एका मुळावर चार विषय उभे करायचे, हे आमच्या कचेरीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. पण मित्र म्हणून सांगतो, तू सोन्यात पितळ मिसळतोस. 'परिमिती'शेजारी 'मापटं'? 'आकर्षण'शेजारी 'शेत कसणं'? हे खळ्यावरचे शब्द साहेबलोकांपुढे ठेवले तर ते बाकीचंही गंभीरपणे घेणार नाहीत. शास्त्रीय बैठक पाहिजे. ते शब्द का घेतलेस ते लिहून पाठव, आणि आणखी काही मुळं असतील तर तीही.

साहेबांशी योग्य वेळी बोलतो. घाई करू नकोस. वहिनींना नमस्कार.

राधाकृष्ण शेटे

*

खडकवाडी
२० फेब्रुवारी १९४४

प्रिय राधाकृष्ण,

पितळ म्हणालास म्हणून मापट्याचीच गोष्ट सांगतो.

मरियाला भूमितीतली परिमिती काही केल्या समजेना. पाठ म्हणून दाखवायची आणि रडायची. एका सोमवारी तिने घरून शब्द आणला, 'मापटं'. मी विचारलं, "मापट्यानं आई काय करते?" म्हणाली, "बाजरी मापती. मजुरी मापट्यानंच मिळती न्हवं." मी म्हटलं, "माप कशापासून?" फळ्यावर 'मा' लिहिलं. मा म्हणजे मोजणे. त्याखाली प्रमाण, परिमाण, परिमिती, अनुमान, उपमा. पोरगी बघत राहिली, आणि एकदम म्हणाली, "म्हंजे गुरुजी, परिमिती आमच्या घरातली हाय व्हय!"

त्या दिवसापासून ती भूमितीत चुकली नाही. ज्या पोराला वाटतं की पुस्तकातले शब्द दुसऱ्यांच्या घरचे, ते पोर पुस्तकाच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहतं. घरचा शब्द त्याला आत घेऊन जातो. माझी शास्त्रीय बैठक एवढीच आहे. घरचे शब्द काढलेस तर उरेल ती घोकंपट्टी, आणि ती आपल्याकडे पुष्कळ आहे.

तुला आठवतं का, कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तू उभा राहून "उत्तर बरूबर हाय" म्हणालास आणि सगळा वर्ग हसला? त्या संध्याकाळी तू जेवला नाहीस. ही वही खरं म्हणजे तेव्हा सुरू झाली.

आणखी अकरा मुळं सोबत पाठवतो. परत पाठवायची काळजी करू नकोस. आमच्या मिशनच्या देवळात पिकाचा सण असतो, तेव्हा प्रत्येक जण घरचं काही आणून वेदीपुढे ठेवतो. कुणी कणसं, कुणी अंडी, कुणी कोंबडी. मग त्याचा लिलाव होतो. वाहिलेली वस्तू कुणी परत मागत नाही. फार जीव असला तर स्वतःचीच कोंबडी लिलावात बोली लावून परत घ्यायची, असा रिवाज. समज, ही माझी कोंबडी तुझ्यापुढे ठेवली. शाळेचं काम झालं की मला सगळं पावलं.

यशया

*

खडकवाडी
४ डिसेंबर १९४४

प्रिय राधाकृष्ण,

जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबरात लिहिलेली पत्रं मिळाली असतील. नाताळाचा चुना आला, भिंती पुन्हा पांढऱ्या होतील. नव्याने लिहायला वही लागेल. महिनाभरासाठी तरी पाठव.

यशया

*

अहमदनगर
१९ जानेवारी १९४५

प्रिय यशया,

उशीर झाला, माफी असावी. वही वरिष्ठांकडे आहे, मागणं बरं दिसत नाही. काम चाललं आहे एवढं सांगतो. दौऱ्यावर निघायच्या घाईत लिहितो आहे.

राधाकृष्ण

*

खडकवाडी
११ जून १९४५

प्रिय राधाकृष्ण,

वही आली नाही, पण भिंती भरल्या. मरियाने आणि तिच्या जोडीच्या पोरांनी आठवून आठवून सगळं परत लिहिलं. मी विसरलो होतो तीही चार मुळं त्यांना आठवली. तेव्हा वरिष्ठांना म्हणावं, सावकाश वाचा.

आता ऐक. परवा बायडाबाई शाळेत आली. उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "गुरुजी, पोरीला तेरावं सरलं. सुप्याकडचं स्थळ आलंय. तुमी म्हनता म्हून मी थांबले. पर किती थांबायचं? येक साल थांबते. साळंला सातवी मिळाली तर तिला शिकवा, न्हाई मिळाली तर मला तिला उजवू द्या. मग मधी पडू नगा."

मी तिला शब्द दिला की एका सालात मंजुरी येईल. तुझ्या भरवशावर दिला, हे तुला कळावं म्हणून लिहितो. तपासणी येत्या फेब्रुवारीत आहे. तू साहेबांशी काय बोललास ते एका ओळीत कळव. 'योग्य वेळ' हा शब्द वापरू नकोस.

यशया

*

अहमदनगर
२४ नोव्हेंबर १९४५

प्रिय यशया,

आनंदाची बातमी. आपलं काम फळाला आलं. 'शब्दमूल-प्रवेशिका' या नावाने पुस्तक छापून झालं असून जिल्ह्यातल्या शाळांना ते या वर्षापासून लागेल. एक प्रत वेगळ्या टपालाने पाठवली आहे.

मुखपृष्ठावर माझं नाव बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल, म्हणून आधीच खुलासा करतो. पुस्तकं मंजूर करणाऱ्या मंडळाला खात्यातला माणूस पाहिजे होता. खेड्यातल्या मिशनच्या मास्तरांचं नाव घातलं असतं तर हे पुस्तक टेबलावरून हललं नसतं. प्रस्तावनेत मी "एका ग्रामीण शिक्षकबंधूंच्या सूचनांचा उपयोग झाला" असं लिहिलं आहे. तो तूच. शिवाय तू स्वतःच लिहिलं होतंस की वाहिलेली वस्तू परत मागत नाहीत. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

घरगुती शब्द मात्र काढावे लागले. मंडळाचं म्हणणं पडलं की मुलांना शुद्ध शब्द द्यावेत. खरं सांगू? मलाही पटलं. ज्या शब्दांवरून लोक आपल्याला हसले ते आपण पोरांच्या तोंडी का ठेवायचे?

तुझ्या शाळेचा यात फायदाच आहे. तपासणी याच पुस्तकावर होणार, आणि ही पद्धत तुझ्या पोरांइतकी कुणाला येते? मंजुरी हातात आली असं समज. मला पुण्याला बढती मिळण्याचा संभव आहे.

तुझा
राधाकृष्ण

*

खडकवाडी
३ मार्च १९४६

राधाकृष्ण,

नोव्हेंबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रेबेका म्हणाली, "पुस्तकावर कुणाचंही नाव असो, पोरीला सातवी मिळू दे, मग भांडा." बायको शहाणी आहे. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आता सांगतो काय झालं ते.

तपासणी एकवीस फेब्रुवारीला झाली. साहेब नवे होते. हातात तुझं पुस्तक. भिंती वरपासून खालपर्यंत बघितल्या आणि विचारलं, "हे काय रंगवलंय?" मग मरियाला उभं केलं. "मा धातूपासून झालेले शब्द सांग."

पोरगी तयारच होती. प्रमाण, परिमाण, परिमिती, अनुमान, उपमा, निर्माण. साहेब बोटाने पुस्तकात जुळवत होते, मान हलवत होते. सहाही जुळले. तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण मीच तिला शिकवलं होतं की झाड घरापर्यंत आल्याशिवाय पुरं होत नाही. ती म्हणाली, "आनि मापटं."

साहेब म्हणाले, "काय?"

"मापटं, साहेब. बाजरी मापायचं. त्येबी मा-चंच हाय."

साहेब हसले. सोबतचा कारकून हसला. "कुठल्या पानावर आहे दाखव बरं." ती म्हणाली, "पुस्तकात न्हाई. ह्ये पुस्तक आमच्या गुरुजींच्या वहीवरनं केलंय, त्यात हुतं. काढलं कुनीतरी."

साहेबांचा चेहरा बदलला. मला विचारलं, "मास्तर, ही काय म्हणते? शेटेसाहेबांनी तुमचं पुस्तक चोरलं?" खोलीत सगळी पोरं. मरिया माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता गुरुजी बोलतील.

राधाकृष्ण, मी म्हणालो, "साहेब, पोर लहान आहे. काहीतरी बोलते."

का म्हणालो? मंजुरी त्यांच्या हातात होती. वाटलं, भांडलो तर जाईल, गप्प बसलो तर मिळेल. ती मिळाली नाही. शेरा कालच आला, तो तुझ्यासाठी उतरून देतो: "मुलांच्या भाषेत ग्राम्य व अशुद्ध शब्दांचा भरणा आहे. विद्यार्थिनी उद्धट व खोटे बोलणारी. शिक्षकास शब्दमूल पद्धतीचे यथार्थ ज्ञान नाही. वरच्या वर्गांस मंजुरी देता येत नाही. भिंती स्वच्छ कराव्यात."

यथार्थ ज्ञान नाही! हे वाचून मी इतका हसलो की रेबेका चुलीपुढून उठून आली.

नाताळाला अवकाश असून काल भिंतींना चुना लावला. पोरांनीच लावला. मरिया आली नाही. बायडाबाई आली होती. तिने शब्द दिल्याप्रमाणे निकाल लागेपर्यंत थांबून दाखवलं होतं. मी माझा शब्द पाळला नाही.

तुझ्या आईच्या घरीही मापटं असेल. सुट्टीत सोनईला गेलास तर बघ. मला तुझा राग आहेच, पण मी त्या पोरीला सगळ्यांच्या देखत खोटी पाडली, तो राग मोठा आहे आणि तो तुझ्यावर ढकलता येत नाही. पुन्हा लिहू नकोस.

यशया ओहोळ

*

अहमदनगर
२८ मार्च १९४६

प्रिय यशया,

लिहू नको म्हणालास तरी लिहितो. शेरा वाचून मला लाज वाटली. तपासणी खेड्याच्या शाळेत कशी होते हे मला ठाऊक होतं, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढलं. दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालीन, शपथेवर सांगतो. मरियासाठी इथल्या मुलींच्या बोर्डिंगात बोललो आहे. जूनमध्ये घेतील. तिला घेऊन ये, किंवा मीच न्यायला येतो.

वही शोधली. छापखान्यातून परत आलीच नाही. जुळणीनंतर पाठकोरे कागद म्हणून कुणीतरी पुड्यांना वापरले असावेत.

तुझाच
राधाकृष्ण

*

खडकवाडी
१६ डिसेंबर १९४६

राधाकृष्णसाहेबांस,

मरियाचा सलाम. आपण मला ओळखत नाही, पण आपल्या पत्रांत माझं नाव आहे. गुरुजींनी ती पत्रं चुलीत घालायला रेबेकाबाईंकडे दिली होती. त्यांनी घातली नाहीत. मला वाचायला दिली.

आपलं मार्चचं पत्र आलं तेव्हा माझा साखरपुडा होऊन चार दिवस झाले होते. आई म्हणाली, एकदा दिलेला शब्द मोडत नाहीत. वैशाखात लग्न झालं. सध्या पिकाच्या सणासाठी आठ दिवस माहेरी आले आहे, म्हणून लिहिता येतं आहे.

आपल्याला गुरुजींचं सांगावं असं वाटलं. ते शाळेत येतात. पहिली ते चौथी शिकवतात. भिंती पांढऱ्या आहेत. सोमवारी आता कोणी शब्द आणत नाही. परवा मी शाळेच्या दाराशी उभी होते, तेव्हा आमच्या शेजारची लहान रतन म्हणाली, "गुरुजी, कासरा कशापासनं?" मला वाटलं, गुरुजी आता खडू घेतील. गुरुजी म्हणाले, "पुस्तकात आहे का बघ. नसला तर विचारू नये." तुमचं पुस्तक वाचून दाखवतात त्याच सपाट आवाजात ते म्हणाले. तिला ओरडलेसुद्धा नाहीत.

तपासणीच्या दिवशी त्यांनी मला खोटं पाडलं, तेव्हा मी घरी जाऊन खूप रडले होते आणि त्यांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. परवा शाळेच्या दाराशी उभी असताना माझा राग गेला. तो राहिला असता तर बरं होतं.

काल देवळात सण झाला. गुरुजींनी तुमचं पुस्तक वेदीपुढे ठेवलं. कणसं आणि अंडी यांच्यामध्ये ते ठेवलं होतं. लिलावाला पुकारलं तेव्हा कोणी बोली लावली नाही. ज्याचं त्याने परत घ्यायचा रिवाज आहे, म्हणून सगळे गुरुजींकडे बघत राहिले. गुरुजी खाली मान घालून बसले होते. शेवटी माझी आई उठली. तिला एक अक्षर येत नाही. ती म्हणाली, "येक मापटं बाजरी." घरी जाऊन मापटं काठोकाठ भरून आणलं, वेदीपुढे ओतलं आणि पुस्तक पदरात घेतलं. आता ते आमच्या घरी कणगीवर आहे, आणि रिकामं मापटं त्याच्यावर पालथं घातलेलं असतं.

मी ते सगळं वाचलं. प्रस्तावनाही वाचली. छपाई चांगली आहे.

आपण उत्तर पाठवू नका. सासरी माझ्या धन्यांना वाचता येत नाही, आणि सासूबाई लग्नाआधीच म्हणाल्या होत्या की शिकलेली सून आम्हाला नको. म्हणून आईने त्यांना सांगितलं की पोरीला काही येत नाही. घरात बाजाराची चिठ्ठी आली की ते शेजारच्याकडून वाचून घेतात. मी भाकरी करत ऐकते. शेजारचा चुकीचं वाचतो तेव्हाही मी काही बोलत नाही.

मरिया